वही राहिली तुझी

नवप्रभात सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला तीन गोष्टी व्हायच्या. सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी पिक्चर. झेंड्याला माणसं उभी राहायची, सत्यनारायणाला बसायची आणि पिक्चरमधून उठून जायची. मागच्या वर्षी एक भक्तिपट लावला होता. त्यातली शेवटची आरती सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांत वॉचमन राघो, एक मांजर आणि खुर्च्या परत न्यायला आलेला मंडपवाला एवढेच उरले होते. मंडपवाल्याने मात्र मनापासून हात जोडले होते.

त्यामुळे या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, निहार पेडणेकर स्वतःहून सेक्रेटरींकडे गेला आणि म्हणाला, "पिक्चर मी आणतो," तेव्हा त्याला कुणी विरोध केला नाही. बुडत्या बोटीचा कप्तान व्हायला कोण भांडतो?

निहार राहायचा बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. वय एकोणीस. त्याच्याकडे एकतीस जपानी ॲनिमेशनपट होते आणि ते सलग बघायला जागा नव्हती. घरचा टीव्ही संध्याकाळी सात ते दहा आईच्या ताब्यात असायचा आणि दहानंतर बाबा बातम्या लावून झोपायचे. झोपलेल्या बाबांच्या हातून रिमोट काढला की ते डोळे न उघडता म्हणायचे, "बघतोय मी." निहारचा मित्र जितेंद्र काशीमीऱ्याला मेव्हण्याच्या सीडीच्या दुकानात बसायचा. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. तिथे दिवसभर ट्रकवाले रडक्या गाण्यांच्या सीड्या मागत, आणि त्या गर्दीत जितेंद्रही जपानी पिक्चर सलग बघू शकत नसे.

आणि सोसायटीत पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली होती. दहा बाय बारा. आत एक मोडका कॅरम बोर्ड, तीन बाद झालेले बॅनर आणि एक प्लग पॉइंट. त्या प्लग पॉइंटची निहारला स्वप्नं पडायची. दर रविवारी तिथे फिल्म क्लब चालवायचा, सभासद सध्या दोन, एवढाच त्याचा आयुष्याचा बेत होता. पण किल्ली होती सेक्रेटरी दत्ताराम खेडेकरांकडे. खेडेकरांनी चौतीस वर्षं एका ऑफिसात आवक-जावक सांभाळली होती आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्या हातून काहीही सहजासहजी जावक होत नसे.

"कुठला पिक्चर?" त्यांनी विचारलं.

"जपानी आहे काका."

"कार्टून?"

"हो, पण मोठ्यांचं. शाळेतल्या मुलांची गोष्ट आहे. एक मुलगी असते, ती भूतकाळात जाऊ शकते."

"यंत्रात बसून?"

"नाही. दीपगृहाच्या पायऱ्या उलट्या उतरते. पाठमोरी. खाली पोचली की काल."

खेडेकरांनी यावर अर्धा मिनिट विचार केला. "मराठीत आहे?"

"जपानीत. खाली इंग्रजी अक्षरं येतात. मी माइकवर मराठीत सांगणार."

"आणि हंसाबेनना?"

"हिंदीत."

"एकाच वेळी?"

"आलटून-पालटून."

"बरं," खेडेकर म्हणाले. "साठ खुर्च्या मागवल्यात. पिक्चर संपताना चाळीस भरलेल्या दिसल्या, तर खोलीची किल्ली तुझी. एकोणचाळीस दिसल्या, तर तिथे गणपतीच्या कमानी ठेवायच्यात."

"मांडीवर बसलेली मुलं धरायची का?"

"मांडी म्हणजे खुर्ची नव्हे."

निहारच्या आईने, नीलिमाने, आपल्या परीने हातभार लावला. पुऱ्या पिक्चर संपल्यावरच तळायच्या, असं तिने महिला मंडळाकडून मंजूर करून घेतलं. "श्रीखंड आधीच मांडून ठेवू," ती म्हणाली. "दिसलं पाहिजे, मिळता कामा नये."

सव्वीस तारखेला सगळं वेळेवर झालं. पूजा आटोपली. ए आणि बी विंगच्या पाइपांना बांधून पांढरा पडदा ताणला. जितेंद्रने एका कोचिंग क्लासवाल्याकडून प्रोजेक्टर आणला होता. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवप्रभातमध्ये नवी वस्तू हळदकुंकू लागल्याशिवाय चालू होत नसे. लिफ्टला लावलं होतं, पंपाला लावलं होतं, डी विंगच्या इन्व्हर्टरला लावलं होतं. पाणीकपातीची नोटीस पहिल्यांदा लागली तेव्हा तिलाही लावलं होतं. हे खातं सुलूआजींकडे होतं. सुलूआजी तळमजल्यावर राहायच्या, वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या रत्नागिरीकडच्या.

निहार शिडीवर चढून पडद्याची गाठ मारत होता, तेव्हा सुलूआजी तबक घेऊन प्रोजेक्टरपाशी आल्या. प्रोजेक्टरला लावलं, स्पीकरला लावलं. मग त्यांनी पिक्चरच्या दोन सीड्या बघितल्या.

"आणि ह्याचं तोंड कुठल्या बाजूला रे?"

जितेंद्रच्या तोंडात प्रसादाचा शिरा होता. त्याने प्रामाणिकपणे चकचकीत बाजू दाखवली. सुलूआजींनी दोन्ही सीड्यांना, मध्ये भोक असल्यामुळे जरा कडेला, ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. जितेंद्रने अक्षता फुंकरीने उडवल्या. कुंकू राहू दिलं. देवाचं कुंकू, सत्यनारायणाच्या दिवशी, पुसायचं कसं? त्याने पहिली सीडी प्लेअरमध्ये घातली आणि हात धुवायला गेला.

सात वाजता पिक्चर सुरू झाला तेव्हा सत्तावन्न खुर्च्या भरलेल्या होत्या.

पिक्चर साधाच होता. समुद्रकाठचं लहान गाव. साया नावाची शाळकरी मुलगी आणि तिच्या वर्गातला केन नावाचा मुलगा. सायाला पायऱ्यांचा शोध लागतो, आणि मग ती आधी कालचं पुडिंग परत खायला जाते, नंतर गणिताचा पेपर परत द्यायला.

"हे नियमात बसत नाही," खेडेकर मागून म्हणाले. ते वही घेऊन उभे होते, दर दहा मिनिटांनी खुर्च्या मोजून टिपत होते.

"इनकी आँखें इतनी मोटी क्यूँ है?" पहिल्या रांगेतून हंसाबेननी विचारलं. त्या ए विंगच्या. सोसायटीत कुणाला काय आजार आहे हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. "थायरॉइड है क्या?"

"जापान में ऐसेही बनाते हैं, हंसाबेन," निहार माइकवर म्हणाला.

"सबको? फिर पानी में कुछ होगा."

"पोरीचा स्कर्ट केवढा तो आखूड," सुलूआजी म्हणाल्या. "थंडीचे दिवस. आई काय करते हिची?"

"आई ऑफिसला जाते, आजी."

"मग बरोबर."

राघो गेटकडे पाठ करून पडद्याकडे बघत होता. तो समुद्रकाठच्या तारोडीचा. त्याला सायाशी काही घेणं नव्हतं, तो बंदरातल्या बोटी बघत होता. "दोर चुकीचा बांदलाय," तो म्हणाला. "अशी बोट थांबाची न्हाय."

वीस मिनिटांत मारामारी झाली नाही म्हणून पुढची पोरं सायकली फिरवायला गेली. अठ्ठेचाळीस. मग कुणाचा तरी कुकर आठवला, कुणाची सीरियल. त्रेचाळीस. निहार एका डोळ्याने इंग्रजी अक्षरं वाचत होता आणि दुसऱ्याने खुर्च्या मोजत होता. खेडेकरांच्या पेन्सिलचा आवाज त्याला माइकमधूनही ऐकू येत होता.

आणि मग तो प्रसंग आला.

शाळेची घंटा होते. साया एक वही घेऊन वर्गाबाहेर पळते, उतार उतरते, बंदरावर येते. केन वडिलांबरोबर गाव कायमचं सोडून चाललाय. तो बोटीच्या फळीवर उभा आहे. तो वळतो. सायाला खूप काही बोलायचंय, हे तिच्या थायरॉइडी डोळ्यांत अगदी स्पष्ट दिसतं. ती तोंड उघडते.

"वही राहिली तुझी," निहारने वाचलं.

केन वही घेतो. "थँक्स." भोंगा वाजतो, बोट जाते. धक्क्यावर सायाची पाठ. एक समुद्रपक्षी उडतो.

टक.

शाळेची घंटा होते. साया एक वही घेऊन वर्गाबाहेर पळते.

निहारने हा पिक्चर चार वेळा बघितला होता. त्यात ही घंटा एकदाच होते. त्याने जितेंद्रकडे बघितलं. जितेंद्र एकटक वर बघत होता, जणू विमान चाललंय. विमान नव्हतं. निहार माइकवर हात ठेवून कुजबुजला, "काय झालं?"

"कुंकू," जितेंद्र म्हणाला.

"काय?"

"सीडीवर आहे. आजींनी लावलं. तिथपर्यंत गेली की मागे येते."

"पुसलं नाहीस?"

"देवाचं होतं!"

आता थांबवायचं तर दिवा लावावा लागणार. आणि दिवा लागला की कार्यक्रम संपला, असं नवप्रभातमध्ये सगळे मानत. माणसं अर्ध्या भाषणातूनही दिवा लागल्यावर उठली होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस खुर्च्या रिकाम्या होणार, हे निहारला पडद्यावर लिहिल्यासारखं दिसलं. तेवढ्यात सुलूआजी ओरडल्या, "अगो बाय! परत मागे आली ही!"

"गेली, गेली, परत गेली!" रांगेतून आवाज आले. उठायच्या बेतात असलेले दोघे बसले.

"पायऱ्या दाखवल्या नाहीत," खेडेकर म्हणाले.

निहारने घसा साफ केला. "वेळ वाचवण्यासाठी त्या दाखवलेल्या नाहीत," तो माइकवर म्हणाला.

हे सगळ्यांना पटलं. साया उतार उतरली, बंदरावर आली, केन वळला, तिने तोंड उघडलं. चाळीसेक माणसांनी श्वास धरला. आणि निहारला काही सुचलं नाही.

"वही राहिली तुझी."

"अरे!" सगळी सोसायटी कण्हली. "मग मागे आली कशाला मुलगी?"

"बोल ने बेटा, सीधा बोल!" हंसाबेन खुर्चीत पुढे सरकल्या.

टक. घंटा. साया पळाली, उतरली, पोचली. यावेळी तिने तोंड उघडलं तेव्हा निहार म्हणाला, "पत्ता दे तुझा." आणि केन जे 'थँक्स' म्हणायचा, तिथे तो म्हणाला, "वहीत लिहिलाय."

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. आवाज ऐकून वर गेलेली माणसं गॅलरीत आली, आणि गॅलरीतून नीट दिसत नाही म्हणून खाली आली. एकावन्न.

टक. घंटा.

"आता का?" सुलूआजी वैतागल्या. "पत्ता मिळाला ना हिला?"

"अपुरा असणार," खेडेकर म्हणाले. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली होती. "पिनकोड नसेल. आमच्याकडे अशी पत्रं रोज वीस यायची."

आता प्रेक्षक गप्प बसायला तयार नव्हते. साया वर्गातून पळायला लागली की तिला चारी बाजूंनी सूचना जायच्या. सुलूआजींचं म्हणणं, सरळ 'जाऊ नको' सांग. हंसाबेनचं म्हणणं, "छोकरे से क्या बात करती है, उसके पप्पा से बात कर." राघोचं म्हणणं, काही बोलू नको, दोर धर, नाहीतरी चुकीचा बांधलाय. निहारची अडचण वेगळीच होती. सायाचं तोंड 'वही राहिली तुझी' एवढंच उघडायचं. त्याहून लांब वाक्य आलं की ती तोंड मिटून बोलतेय असं दिसायचं. चौथ्या वेळी त्याने 'काका, याला नेऊ नका' बसवून बघितलं. शेवटचे दोन शब्द समुद्रपक्ष्याच्या तोंडी गेले.

"पक्षी पण बोलतो?" हंसाबेननी विचारलं.

"भावनेच्या भरात," निहार म्हणाला.

केनने उत्तर दिलं, "ऐकत नाहीत." आणि बोट गेली. केनच्या वडिलांवर सोसायटीत कडक टीका झाली. असा माणूस भाडेकरू म्हणूनही नको, असं सी विंगचं मत पडलं.

टक. घंटा. पाचवी वेळ. निहारच्या अंगाला जानेवारीत घाम आला होता. डोकं रिकामं झालं होतं. साया उतारावर होती. त्याने आजूबाजूला बघितलं, कुणीतरी काहीतरी सुचवा. आणि नेमके आता सगळे गप्प होते. सगळ्यांचे उपाय संपले होते.

"पोचलास की कळव."

मागून आवाज आला. खेडेकर होते. त्यांनी वही मिटली होती. ते निहारकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. "तेवढंच म्हणायला सांग तिला," ते म्हणाले. "आणखी काय म्हणतो आपण?"

साया बंदरावर आली. केन वळला. तिने तोंड उघडलं.

"पोचलास की कळव," निहार म्हणाला.

ते तिच्या तोंडात अचूक बसलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या मिटलेल्या ओठांपर्यंत. जपानी लेखकाने मूळ हेच लिहिलं असावं आणि नंतर बदललं असावं, इतकं. केनने वही घेतली आणि निहारने त्याला फक्त "हो" म्हणू दिलं. भोंगा वाजला. बोट गेली. सुलूआजींनी डोळ्याला पदर लावला. हंसाबेन हळूच शेजारणीला म्हणाल्या, "मेरी बेटी राजकोट गई ना, तब मैंने भी यहीच बोला था. दूसरा कुछ याद ही नहीं आया."

टक. घंटा.

"ए!" सगळी सोसायटी एकदम खवळली. "आता कशाला? चांगलं झालं होतं की!"

"बास कर म्हणावं तिला!"

"इस लड़की को संतोष ही नहीं है!"

निहारने जितेंद्रकडे बघितलं. आता काही चालणार नव्हतं. पाचव्या वाक्यानंतर सहावं नव्हतं. जितेंद्र उठला, वाकून सुलूआजींच्या कानाशी गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. कुंकू, सीडी, मागे येणं.

"मग पुसायचं ना मेल्या!" सुलूआजी म्हणाल्या. "देव काय पिक्चर अडवायला बसलाय? आण इकडे."

दिवा कुणी लावला नाही. अंधारातच जितेंद्रने सीडी काढून त्यांच्या हातात दिली. सुलूआजींनी तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि पदराने पुसली. याच पदराने त्यांनी आयुष्यभर चष्मे, स्टीलची ताटं आणि नातवंडं पुसली होती. मग दुसरी सीडी मागून घेतली आणि तीही पुसली. या सगळ्याला तीन मिनिटं लागली. तीन मिनिटं पडदा कोरा होता आणि एकही माणूस उठला नाही. पुढे काय होणार यावर चर्चा चालू होती. तो कळवणार की नाही, यावर दोन तट पडले होते. "पोरं कळवत नाहीत," हे बहुमत होतं.

सीडी आत गेली आणि जितेंद्रने ती शाळेच्या घंटेपर्यंत पुढे पळवली. घंटा, वही, उतार, बंदर. आता निहारला पर्याय नव्हता, "पोचलास की कळव." बोट गेली, पक्षी उडाला.

टक झालं नाही.

पडद्यावर सायाचं घर आलं. संध्याकाळ. ती अभ्यासाला बसलीय. आणि फोन वाजतो.

निहारला माहीत होतं हा फोन कुणाचा आहे. गणिताच्या सरांचा. परत दिलेल्या पेपरातही ती नापास झालीय हे सांगायला. खाली इंग्रजीत तसं लिहूनही आलं होतं. त्याने समोर बघितलं. पन्नासच्या वर माणसं फोनकडे बघत होती. साया उठली, तिने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून एक पुरुषी आवाज जपानीत काहीतरी बोलला.

"पोचलो," निहार म्हणाला.

त्यानंतर नवप्रभात सोसायटीत जो आवाज झाला, तो झेंड्यालाही कधी झाला नव्हता. राघोने शिट्टी फुंकली, त्यामुळे बाहेर एक रिक्षा थांबली. रिक्षावाला आत आला आणि बसला.

पुढचा सगळा पिक्चर निहारला या एका शब्दाभोवती वाकवावा लागला. मूळ गोष्टीत केन परत दिसतच नाही. त्यामुळे गणिताचे सर हे केनचे मामा झाले. ते पडद्यावर आले की केनची खुशाली सांगायचे. फळ्यावर ते समीकरणं लिहीत, तेव्हा तो केनचा पत्ता होता, यावेळी पिनकोडसकट. शेवटी साया दीपगृहाच्या पायऱ्या सरळ चढून जाते आणि समुद्राकडे बघत राहते. तिथे मूळ पिक्चरमध्ये काळाबद्दल एक फार सुंदर वाक्य आहे. निहार ते म्हणाला नाही. तो म्हणाला, "मामा म्हणाले, दिवाळीला येतोय."

"जापान में दिवाली?" हंसाबेन म्हणाल्या.

"आपल्यासारखीच. जरा आधी असते."

दिवे लागले. खेडेकरांनी मोजायला सुरुवात केली. साठ खुर्च्या भरलेल्या होत्या. साठाव्या खुर्चीत रिक्षावाला होता. तो सोसायटीचा सभासद नसल्याने खेडेकरांनी त्याला वगळून एकोणसाठ लिहिलं आणि खाली सही केली. कढईत पहिली पुरी पडली आणि रांग लागली. रांगेत सगळे सायाबद्दलच बोलत होते. मुलगी चांगली आहे, फक्त जरा चंचल आहे, असं एकंदर मत पडलं. जितेंद्र म्हणाला, त्याने हा पिक्चर सहा वेळा बघितलाय, पण आज पहिल्यांदा समजला.

निहार वायर गुंडाळत होता तेव्हा खेडेकर त्याच्यापाशी आले. बराच वेळ ते प्रोजेक्टरवरच्या कुंकवाकडे बघत राहिले.

"मला इंग्रजी वाचता येतं," ते म्हणाले.

निहारच्या हातातली वायर खाली पडली.

"चष्मा आणला नव्हता," खेडेकर पुढे म्हणाले. "म्हणून विचारतो. ती खरं काय म्हणते त्याला?"

खोटं बोलण्याइतकी ताकद निहारमध्ये उरली नव्हती. "वही राहिली तुझी."

"सगळ्या वेळी?"

"एकच वेळ आहे, काका. बाकीचं कुंकू होतं."

खेडेकरांनी यावर विचार केला. आवक आणि जावक दोन्ही बाजूंनी केला. मग मान हलवली.

"म्हणजे तेच झालं की," ते म्हणाले, आणि कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली सोडवायला लागले. ती निघायला वेळ लागला. बाकीच्या एकवीस किल्ल्यांची तिला सवय झाली होती. "रविवारी दहा ते एक. पंपाला हात लावायचा नाही. आणि पुढच्या वेळी चष्मा आणायला आठवण कर."

"काका, खोली आत्ता बघून येऊ?"

"पुऱ्या गार होतील."

"लगेच येतो."

निहार आणि जितेंद्र निघाले. खेडेकरांनी मागून हाक मारली.

"पोचलास की कळव."

खोली सतरा पावलांवर होती. निहारने कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि दारातून हात वर करून मोठ्याने कळवलं.